फूलचंदशेटची बिनलगामाची घोडी

वाशीमकडच्या मालेगावात बसस्टँडकडून बाजारात शिरलं की किराण्याचं एक जुनं दुकान लागतं. वर ठळक अक्षरांत पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. परगावच्या माणसानं पत्ता विचारला की पानठेलेवाला चुना लावता लावता सांगतो, "घोडीवाल्या शेटचं दुकान ना? हे काय, पुढंच." दुकानामागच्या अंगणात, जिथे पूर्वी साखरेची पोती आणि गुळाच्या भेल्या ठेवायच्या, तिथे पत्र्याच्या सावलीत एक पांढरी घोडी उभी असते. पोती घरात, बैठकीत आली आहेत. पाहुणे आले की आधी सोफ्यावरून पोतं उतरवावं लागतं, आणि शेटजींच्या बायकोला, पानाबाईंना, दरवेळी नव्यानं संताप येतो.

फूलचंदशेटना घोड्याची हौस मुळात अजिबात नव्हती. ठेंगणा बांधा, गरगरीत पोट, वरच्या दातांची कवळी. सायकलवरून उतरतानासुद्धा ते कुणाचा तरी खांदा धरत. त्यांची खरी हौस एकच, वाद घालणं. तूरडाळ घ्यायला आलेल्या माणसाशी ते डाळ पॉलिशची बरी का बिनपॉलिशची यावर असे भिडत की तो बिचारा डाळ विसरून साबण घेऊन घरी जाई. वादात हरले तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून त्यालाच हाक मारत, "अबे, काल तू म्हनला थे चुकीचं होतं!" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घोडी घरात आली ती मुलाच्या लग्नात. मयंकची वरात वाजतगाजत निघाली होती. भाड्यानं आणलेल्या पांढऱ्या घोडीवर नवरदेव, पुढे बँड, आणि घोडीच्या तोंडाशी दोर धरून तिचा मालक. त्यानं हिसका दिला की घोडी पाय उचलून नाचायची आणि पाहुणे टाळ्या पिटायचे. दुकानासमोर आल्यावर मात्र घोडी थांबली. मालकानं हिसका दिला, ती हलली नाही. त्यानं आणखी जोरात दिला, तेव्हा तिनं मान झटकली आणि तोंडातला फेस शेजारी चालणाऱ्या फूलचंदशेटच्या नव्या पांढऱ्या झब्ब्यावर उडाला. फेस गुलाबी होता. शेटजींना आधी वाटलं, कोणीतरी गुलाल उधळला. मग त्यांनी वाकून घोडीच्या तोंडात पाहिलं. आत काटेरी लोखंड होतं आणि जीभ कडेला चिरली होती.

"हे काय घातलं बे इच्या तोंडात?"

"लगाम हाय शेटजी. काटेवाला. याच्यानं नाचते चांगली."

"काढ."

"काढला तं हातात राहनार नाई. नवरदेव पडन."

"मयंक, उतर खाली."

"बाबा, आत्ता?" मयंक वरून म्हणाला. त्याच्या मुंडावळ्या डोळ्यांपुढे हलत होत्या.

"उतर म्हन्लं ना!"

मयंक उतरला. लोखंड निघालं. तरी शेटजींचं समाधान होईना. हा मनुष्य उद्या दुसऱ्या वरातीत पुन्हा हेच घालणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिथेच, भर रस्त्यात, घोडीचा सौदा सुरू केला. बँडवाल्यांना वाजवावं का थांबावं कळेना, म्हणून ते हळू आवाजात वाजवत राहिले. सौदा पटला आणि नवरदेव आपल्या बुटांनी धूळ उडवत पायी मांडवात गेला. दारात व्याही हार घेऊन उभे होते. ते फणकाऱ्यानं म्हणाले, "आमच्यात नवरदेव पायी येत नाही."

"आमच्यातबी येत नाई," फूलचंदशेट म्हणाले. "आज आला."

त्या दिवशी घरात दोघी आल्या, सून जिनल आणि घोडी. गल्लीतल्या बाया बघायला आल्या त्या आधी अंगणात गेल्या. पानाबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "लोक पोराच्या लगनात सून आनते. ह्या मानसानं माह्यासाठी सवत आनली!" पण रात्री घोडीची जीभ सुजलेली पाहून त्यांनीच भाताची पेज केली, आणि चार दिवसांनी जखम भरल्यावर तिला खडीसाखरेचा खडा चाटवून तिचं नाव मिसरी ठेवलं.

मिसरी अंगणात राहिली ती खाऊन पिऊन लठ्ठ व्हायला, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण लग्नसराईत रस्त्यावरून बँड गेला आणि पानाबाईंनी मागून हाक मारली, "अवो, इकडे या! लवकर या!" शेटजी हातातलं मापटं घेऊन धावले. अंगणात मिसरी एकटीच नाचत होती. पाठीवर कोणी नाही, तोंडात काही नाही, समोर प्रेक्षक म्हणून एक कोंबडा. एक पाय उचलायचा, तोलून धरायचा, अलगद टेकवायचा. जागच्या जागी गिरकी, मग दोन पावलं आडवी. बँड लांब गेला तशी ती थांबली आणि कडबा खाऊ लागली.

शेटजी बराच वेळ तिथेच उभे राहिले. गिऱ्हाईक दुकानात ओरडत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांना वादाचा एक नवा, मोठा, आयुष्यभर पुरेल असा विषय सापडला होता.

जवळच्या केनवडला दर हिवाळ्यात, तुरी निघाल्या की, जत्रेत घोडे नाचवायची स्पर्धा भरते. घोड्यावर बसायचं नाही, शेजारी चालत त्याला ढोलाच्या तालावर नाचवायचं. पावलं, गिरकी, आडवी चाल, गुडघे टेकून सलाम, यावर गुण. फूलचंदशेटनी ठरवलं, मिसरीला तिथे न्यायचं. त्यांनी कातड्याची मऊ म्होरकी करून घेतली. म्हणजे नाकावरून आणि कानामागून जाणारा पट्टा, तोंडात काही नाही. त्याला सुती दोर लावला आणि रोज दुपारी, दुकानाला गर्दी नसताना, डब्यावर काठी वाजवत तिला चाली शिकवू लागले. बक्षीस गुळाचा खडा. गुळाची भेली दुकानात कमी आणि अंगणात जास्त खपू लागली.

स्पर्धेचं पत्रक आलं आणि शेटजींचा चेहरा उतरला. त्यात नियम होता: घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम असलाच पाहिजे. मागे कधीतरी एक घोडा बिनलगामाचा आला होता. तो नाचता नाचता चपलांच्या दुकानात शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात कोणाची तरी कोल्हापुरी होती. तेव्हापासून हा नियम.

फूलचंदशेट वाद घालणारे असले तरी नियम मोडणारे नव्हते. त्यांनी मनाची समजूत घातली की काटे नसलेलं, गुळगुळीत लोखंड असतं, ते घालू. वाशीमहून त्यांनी तसा लगाम आणवला. चकचकीत, मधे जोड असलेली कडी. पण मिसरीच्या तोंडापाशी नेल्यावर तिनं दात घट्ट मिटले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की शेटजींचा हात खाली आला.

"तुले वाटते मी खोटं बोलून राह्यलो?" ते तिला म्हणाले. "काही होत नाई. थांब, तुले दाखवतो."

दुकानात येऊन त्यांनी ती कडी स्वच्छ धुतली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

घालताना गेली. काढताना येईना. कडीच्या मधल्या जोडात वरची कवळी अडकली होती. ओढलं की कवळी हलायची आणि हिरडी कळवळायची. शेटजी गल्ल्यावर तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून लोखंडाची टोकं बाहेर काढून बसले असताना एक म्हातारी साबुदाणा घ्यायला आली.

"शेटजी, पावशेर साबुदाना."

शेटजींनी हातानं "थांब" म्हणून खूण केली. म्हातारीनं निरखून पाहिलं. तोंडात लोखंड, डोळ्यांत पाणी, बोलणं बंद. शेटजींकडचे लोक उपास-व्रतं कडक करतात हे तिला माहीत होतं. तिनं मनोभावे हात जोडले. "मौन हाय का शेटजी? चालू द्या, चालू द्या. मी उद्या येईन." बाहेर जाऊन तिनं ही वार्ता इतक्या भक्तीनं सांगितली की थोड्याच वेळात दुकानापुढे माणसं चपला काढून उभी राहिली. आयुष्यात कधी न गप्प बसलेला माणूस गप्प बसला, हेच मुळात बघण्यासारखं होतं.

त्या गर्दीतून वाट काढत डॉक्टर वैभवी चहापत्ती घ्यायला आल्या. त्या जनावरांच्या दवाखान्यात होत्या, मूळच्या इकडच्याच, धनजच्या. पानाबाईंनी त्यांचा हातच धरला. "डाक्टरीनबाई, ह्या मानसाच्या तोंडातून लगाम काढा वो!"

"काकू, हे माझ्या खात्यात येत नाही."

"लगाम तं येते का नाई?"

वैभवींनी तीळतेल मागितलं. "मान खाली घ्या. अजून. जबडा सैल सोडा. हां… शाब्बास, शाब्बास," असं म्हणत त्यांनी सवयीनं शेटजींची मान थोपटली आणि अंगठा गालाच्या कोपऱ्यात सरकवून कवळीसकट कडी बाहेर काढली.

शेटजींनी कवळी धुतली, बसवली, पाणी प्यायले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मी तुमाले सांगतो," ते म्हणाले. "जवरोक थे तोंडात होतं, मले दुसरं काहीच सुधरत नव्हतं. गिऱ्हाईक कोन, माप केवढं, काही नाई. फक्त तोंड. अन् आपन म्हन्तो नाच!"

स्पर्धेच्या पंचमंडळाचे अध्यक्ष होते उकंडराव, केनवडचे शेतकरी. उंच, वाळकुडे, आणि नियम म्हटला की डोळे मिटून हात जोडणारे. फूलचंदशेट डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन त्यांच्याकडे गेले. मंदिराच्या सभामंडपात बैठक बसली. तिथे भाऊसिंगही आला होता. तांड्यावरचा हा घोडेवाला दरवर्षी पहिला यायचा. त्याच्या मिशा त्याच्या घोड्याच्या शेपटीइतक्या विंचरलेल्या असत आणि घोड्याचं नाव होतं दिलबर.

"शेटजी," उकंडराव म्हणाले, "नियम म्हन्जे नियम. जत्रंत लेकरं असते, बाया असते. घोडं उधळलं तं त्याले कशानं थांबवता? गुळानं?"

"तोंड फाडून थांबवता येते का? दुखलं का जनावर जास्त उधळते!"

भाऊसिंग उठला. "शेटजी, लोखंड वाईट नसते. हात वाईट असते. या, माह्या दिलबरचं तोंड पाहा." सगळे बाहेर गेले. दिलबरचं तोंड आतून लहान मुलाच्या तळव्यासारखं गुलाबी होतं, कुठे व्रण नाही. भाऊसिंगनं लगामाला दोराऐवजी शिवणाचा धागा बांधला आणि त्या धाग्यावर घोड्याला गिरकी घ्यायला लावली. धागा तुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फूलचंदशेटचा चेहरा उजळला. "म्हन्जे धाग्यानं काम होते?"

"होते ना!"

"मंग लोखंड कायले पायजे?"

लोक खो खो हसले. भाऊसिंगही मिशीतल्या मिशीत हसला, पण हटला नाही. "धागा सांगते, लोखंड आयकवते. तुमी फोनवर बोलता तं फोन पायजे का नाई?"

"फोन मी कानाले लावतो, भाऊसिंग. दातात धरत नाई!"

इथे वैभवींनी मध्ये तोंड घातलं. परदेशातही घोडे असे चालीवर नाचवतात, त्याला ड्रेसाज म्हणतात, आणि तिथेही हाच वाद चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. मोठ्या स्पर्धांना तिकडेही तोंडात लोखंड लागतंच. काही देशांनी खालच्या स्पर्धांना सूट दिली आहे.

"आयकलं का?" उकंडराव खूश झाले. "आपला नियम इदेशात गेला!"

फूलचंदशेटनी पिशवीतून तो चकचकीत लगाम काढला आणि पंचांपुढे धरला. "धुतलेला हाय. एकेकानं तोंडात घालून पाहा, मंग बोला. मी पाह्यला."

पंच एकमेकांकडे बघू लागले. उकंडराव म्हणाले, "माह्या तोंडात तंबाखू हाय." बाकीच्यांच्याही तोंडात एकाएकी तंबाखू असल्याचं निघालं.

बैठक मोडायच्या बेताला आली तेव्हा वैभवी वैतागल्या आणि दवाखान्यातली भाषा सोडून घरच्या भाषेत म्हणाल्या, "तुमी सारे लोखंडावर भांडून राह्यले, घोड्याकडे कोनी पाह्यते का? ज्याले लगाम घालाचा त्यानं घालावा, ज्याले म्होरकी घालाची त्यानं म्होरकी. मैदानात जायच्या आधी अन् बाहेर आल्यावर मी तोंड, नाक, हनवटी तपासीन. रक्त दिसलं का बाद."

भाऊसिंगला हे पटलं, कारण त्याला भीती नव्हती. उकंडरावांना पटलं, कारण एका नियमाच्या जागी दुसरा नियम मिळत होता. फूलचंदशेटना तर इतका आनंद झाला की त्यांना थांबवेना. ते उठून उभे राहिले. "रक्तच नाई! कातडं खरचटलं तरी बाद! शेट असो का पाटील, कोनाची गय नाई. लिहा हे!"

उकंडरावांनी लिहून घेतलं.

जत्रेच्या दिवशी फूलचंदशेट फेटा बांधून मैदानात आले. पानाबाईंनी मिसरीच्या कपाळावर गोंडे लावले होते आणि मयंक नि जिनल पहिल्या रांगेत बसले होते. वैभवींनी आत जाण्याआधी मिसरीचं तोंड, नाक पाहिलं. स्वच्छ. बिनलगामाची घोडी नाचणार ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरली होती. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढून बसली होती, आणि चपलांच्या दुकानदारानं खबरदारी म्हणून समोर दोन खाटा आडव्या लावल्या होत्या.

ढोल वाजला. मिसरीनं कान टवकारले आणि पहिला पाय उचलला.

अंगणात नाचायची तशीच ती नाचली. ढोलाच्या थापेवर पाय, थापेवर मान. शेटजींच्या हातातला दोर सैल लोंबत होता. आडव्या चालीत ती सरकू लागली तेव्हा ट्रॉल्यांवरच्या शिट्ट्या बंद झाल्या आणि मैदान शांत झालं. उकंडरावांच्या तोंडातली तंबाखू थुंकायची राहून गेली.

तेवढ्यात लाउडस्पीकर कर्कश किंचाळला. मिसरीनं मान वळवली. तिनं नुसती मान वळवली होती, पाऊल चुकलं नव्हतं. पण तिची मान ज्या बाजूला वळली तिकडे चपलांचं दुकान होतं. फूलचंदशेटना वाटलं, आता ही तिकडे जाणार, आता कोल्हापुरी तोंडात धरणार, आता सगळं संपलं. त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला, टाचा जमिनीत रोवल्या आणि पोटाच्या सगळ्या वजनानिशी मागे ओढला.

मिसरी जागीच थांबली. तिनं मालकाकडे पाहिलं, अगदी आश्चर्यानं. मग ढोलाची पुढची थाप आली आणि तिनं पाऊल पुन्हा उचललं. गिरकी घेतली, गुडघे टेकले, सलाम केला. मैदानानं एकच आरडाओरडा केला. फेटे उडाले. जिनल उभी राहून सासऱ्यांच्या नावानं ओरडत होती. शेटजी दोन्ही हात उंचावून बाहेर आले ते निवडणूक जिंकल्यासारखे.

बाहेर वैभवी थांबल्या होत्या. त्यांनी तोंड पाहिलं, हनवटी पाहिली, मग म्होरकीचा पट्टा वर सरकवला. नाकाच्या हाडावर पट्ट्याइतकी कातडी सोलवटली होती. बारीक रक्त दिसत होतं.

"माशी चावली असन," फूलचंदशेट ताबडतोब म्हणाले.

"इतकी सरळ रेघेत, शेटजी?"

"मंग पह्यलेचं असन!"

"आधी मीच पाहिलं होतं."

"गोंड्यानं घासलं असन. पाना, तुले म्हन्लं होतं गोंडे नको लावू!"

"गोंडे कपाळावर हाय, नाकावर नाई," पानाबाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं.

उकंडराव जवळ आले. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते नियमाच्या आड आले. "जाऊ द्या डाक्टरीनबाई. एवढंसं तं हाय. अशी घोडी म्या पाह्यली नाई."

भाऊसिंगही म्हणाला, "माह्यी काही हरकत नाई. गुन द्या तिले."

शेटजींना धीर आला. ते माशीवर पुन्हा यायच्या तयारीत होते, तेवढ्यात वैभवी म्हणाल्या, "शेटजी, तुमचे हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर दोरानं लाल वळ उठले होते. एका ठिकाणी कातडी निघाली होती. इतका वेळ त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. आता एकदम चुरचुरू लागलं. त्यांनी हात पाहिले, मग मिसरीचं नाक पाहिलं, मग पुन्हा हात. मिसरी त्यांच्या खिशाला नाक लावून गुळाचा वास घेत होती.

"माह्या हाताची ही गत," ते हळू म्हणाले, "तं तिच्या नाकाची काय झाली असन."

ते वळले आणि मंचावर गेले. माईकवाल्याला वाटलं शेटजी भांडायला आले, म्हणून त्यानं आवाज कमी केला.

"आयका हो," ते म्हणाले. "घोडीनं काही चूक केली नाई. थे कुठंच जात नव्हती. मीच भ्यालो. नियम म्याच लिहाले लावला हाय, खरचटलं तरी बाद. तं मी बाद. टाळ्या तिच्यासाठी वाजवा, मी खाली उतरल्यावर."

ते उतरेपर्यंत लोक थांबले, आणि मग खरंच वाजवल्या. पहिला नंबर दिलबरचा आला. त्याचं तोंड तपासलं तेव्हा लोखंड काढल्यावरही आत कुठे लाली नव्हती. घरी जाताना टेम्पोत पानाबाई घोडीच्या नाकाला हळद-तूप लावत बसल्या आणि मालेगाव येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी भाऊसिंग दुकानात आला. साखर घेतली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "शेटजी, घोडीले काही शिकवायचं राह्यलं नाई. तुमच्या हाताले शिकवू का?"

"लोखंडाचं नाव काढायचं नाई."

"नाई काढत."

तेव्हापासून दुपारी अंगणात जे चालतं ते बघायला लोक मुद्दाम पापड-लोणच्याचं निमित्त काढून येतात. भाऊसिंग शेटजींच्या हातात दोराचं एक टोक देतो, दुसरं स्वतः धरतो आणि डोळे मिटून म्हणतो, "मी घोडं. आता चालवा." शेटजींनी ओढलं की तो खिंकाळतो आणि जागचा हलत नाही. बोटाच्या पेरानं नुसतं सुचवलं की आज्ञाधारकपणे गिरकी घेतो, मिशीसकट. मग पाळी उलटते, शेटजी घोडं होतात. मिसरी कडबा चघळत दोघांकडे बघत असते. गिऱ्हाईकांना माप पानाबाई करून देतात. त्यांनी म्हणे एकदा हसता हसता किलोभर शेंगदाणे एका माणसाच्या पिशवीऐवजी रस्त्यावर ओतले.

असंच एकदा भाऊसिंगनं कोणाला न सांगता दिलबरला म्होरकी घालून पाहिली. घोडा लगामात नाचायचा तसाच नाचला, इतका तसाच की भाऊसिंग दोन दिवस जेवला नाही, असं त्याची बायको जमनाबाई सांगते. तरी पुढच्या जत्रेत त्यानं लगामच घातला. शेटजींनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लोक पाहाले येते. साज पुरा दिसला पायजे." यावर शेटजी त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत, म्हणजे दुकानात बोलले नाहीत. अंगणात बोलत होते, कारण तिथे शिकवणी चालू होती.

मिसरीचं नाक भरून आलं. पुढच्या वर्षी ती दुसरी आली. शेटजींच्या मते पंचांनी आडव्या चालीचे गुण चुकीचे दिले, भाऊसिंगच्या मते बरोबर दिले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. त्यात आता नवा निघाला आहे: केनवडला ढोलाऐवजी डीजे आणायचं पोट्ट्यांच्या मनात आहे. या एकाच बाबतीत दोघं एका बाजूला आहेत, त्यामुळे शेटजींना फार चुकल्यासारखं होतं. परवा दुकान बंद करता करता ते भाऊसिंगला म्हणाले, "तू जरा डीजेच्या बाजूनं बोलून पाह्य ना. नाईतं मले ईचारच सुचत नाई."